शार्कचे पाणी आणि विहिरीचे पाणी

आमच्या माण गावच्या प्रौढ वर्गात परवा एक प्रश्न निघाला. वर्तमानपत्र वाचण्याचा तास चालू होता. एक बाई ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. समुद्र पोहून जाणाऱ्या एका गड्याची हकीगत होती. वाचता वाचता त्या 'शार्क' या शब्दाशी अडल्या. अक्षरे लागली, पण अर्थ लागेना.

"गुरुजी, ह्यो शार्क म्हंजी काय वो?"

"मासा आहे. मोठा असतो. कधीमधी माणसालाही चावतो."

मागून एक आजोबा म्हणाले, "आन् तरीबी ह्यो गडी त्या पाण्यात उतरला? मग ह्यो शूर म्हनायचा का येडा?"

मंडळी, आजोबांचा प्रश्न मोठा मार्मिक आहे. शूर कोण आणि वेडा कोण, हे ओळखायचे कसे? आज आपण त्याचाच विचार करू.

शार्क कसा असतो?

कोकणातले कोळी शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. लहान मुशी बाजारात विकायला येते, लोक ती खातात. शार्कच्या अंगात हाड नसते. आपल्या कानाचा वरचा भाग चाचपून पाहा. तशा लवचिक कुर्चेचा त्याचा सांगाडा असतो. दात मात्र धारदार, आणि एकामागे एक अशा रांगा. पुढचा दात पडला की मागचा पुढे येतो.

शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. सर्वांत मोठा व्हेल शार्क. तो एस.टी.च्या गाडीएवढा वाढतो. पण तो बारीकसारीक जीव गाळून खातो. माणसाच्या वाटेला जात नाही. माणसाला धोका आहे तो थोड्याच जातींपासून. अंगावर पट्टे असणारा टायगर शार्क आणि मोठा पांढरा शार्क या त्यांतल्या मुख्य.

समुद्र पोहून जाणारी माणसे

दोन जमिनींच्या मधे समुद्राची चिंचोळी पट्टी असते. तिला सामुद्रधुनी म्हणतात. इंग्लंड आणि फ्रान्स या देशांच्या मधे अशी एक पट्टी आहे. तिचे नाव इंग्लिश खाडी. जेथे ती सर्वांत अरुंद आहे, तेथेही ३३ किलोमीटर रुंद आहे. पाणी बर्फासारखे गार. भरती-ओहोटीची ओढ अशी, की सरळ पोहणारा माणूस वाकडा वाहत जातो.

ही खाडी कसल्याही आधाराशिवाय पहिल्याने पोहून गेला तो मॅथ्यू वेब नावाचा इंग्रज. तो जहाजावरचा कप्तान होता. १८७५ सालच्या ऑगस्ट महिन्यात त्याने पहिला प्रयत्न केला. वारा वाढला, लाटा उसळल्या. तो मुकाट्याने बाहेर आला. बारा दिवस थांबला. मग २४ ऑगस्टला पुन्हा उतरला. वाटेत त्याला जेलीफिश डसला. हा छत्रीसारखा मऊ, पारदर्शक जीव असतो. अंगाला लागला की खाजकुयलीसारखी आग होते. तरी वेब पोहत राहिला, आणि पावणेबावीस तासांनी फ्रान्सच्या काठाला लागला.

आपल्याकडची चढाओढ

पुढे आपल्याकडच्या लोकांनाही ही खाडी खुणावू लागली. मिहिर सेन नावाचा बंगाली तरुण विलायतेत वकिली शिकायला गेला होता. फ्लॉरेन्स चॅडविक या अमेरिकन बाईने खाडी पार केल्याची हकीगत त्याने वर्तमानपत्रात वाचली. त्याच्या मनाने घेतले, आपणही हे करायचे. पाहा, वाचनातून माणसाला काय काय सुचते! पण खाडी काही सहज वश झाली नाही. तो एकदा हरला, पुन्हा हरला. वर्षामागून वर्षे गेली.

तेवढ्यात ऑगस्ट १९५८ मध्ये ढाक्याकडचे ब्रजेन दास ती खाडी पार करून गेले. ढाका तेव्हा पूर्व पाकिस्तानात होते, आज ते बांगलादेशात आहे. आशिया खंडातला पहिला मान दासांना मिळाला. सेनच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "पहिला नंबर गेला, आता कशाला मरायचे?" सेन तसे म्हणाला नाही. पुढच्याच महिन्यात, २७ सप्टेंबरला, तो १४ तास ४५ मिनिटांत पार झाला. भारताचा तो पहिला.

आता चढाओढीची दुसरी बाजू पाहा. कलकत्त्याला आरती साहा नावाची मुलगी होती. तिने दासांचे अभिनंदन कळवले. दासांनी तिला उत्तर दिले, की हे तुलाही जमेल. पुढल्या वर्षीच्या शर्यतीसाठी तिचे नावही त्यांनीच सुचवले. देश वेगळा, पण मन मोठे. मिहिर सेननेही तिला धीर दिला. २७ ऑगस्ट १९५९ रोजी आरती पाण्यात उतरली. इंग्लंडचा काठ जवळ आला असताना प्रवाह उलटला, आणि तिला बाहेर यावे लागले. ती रडत बसली नाही. महिन्याने, २९ सप्टेंबरला, पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत पार झाली. खाडी पोहणारी ती आशियातली पहिली स्त्री.

याला म्हणावी निकोप चढाओढ. पुढे गेलेला मागच्याला हात देतो.

शार्कच्या पाण्यात

इंग्लिश खाडीत शार्कची फारशी भीती नाही. आता जेथे ती आहे तेथे जाऊ.

श्रीलंका आणि भारत यांच्या मधल्या समुद्रात शार्क आहेत आणि विषारी समुद्रसापही आहेत. एप्रिल १९६६ मध्ये मिहिर सेन तलैमन्नारहून निघाला आणि धनुष्कोडीला लागला. २५ तास ३६ मिनिटे तो पाण्यात होता. म्हणजे एक पुरा दिवस, एक पुरी रात्र, आणि वर आणखी दीड तास. भारतीय नौदलाची जहाजे त्याच्या सोबतीला होती.

आणि आपले पुणे तरी मागे कसे राहील? पुण्याचा रोहन मोरे. जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहणाऱ्यांनी निवडल्या आहेत. त्या सातही पार करायच्या, असा पण असतो. आयर्लंडच्या स्टीफन रेडमंडने तो पहिल्याने २०१२ साली पुरा केला. आशियातून तो पहिल्याने पुरा केला आपल्या रोहनने. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याने न्यूझीलंड देशातली कुक सामुद्रधुनी पार केली. ही त्याची सातवी. पुढे १ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या प्रभात कोळीने त्याच कुक सामुद्रधुनीत आपले सातवे पोहणे संपवले. तेव्हा त्याचे वय २३. सात पुऱ्या करणाऱ्यांत तोवर इतका लहान कोणी नव्हता.

या सातांपैकी एक सामुद्रधुनी हवाई बेटांत आहे, मोलोकाई नावाची. ती सुमारे ४२ किलोमीटर आहे. माणहून पुणे स्टेशनला जाऊन परत यावे, साधारण तेवढे अंतर. तेथे टायगर शार्क फिरतात. कुकच्या पाण्यात मोठा पांढरा शार्क असतो. आणि हे गडी रात्रीच्या काळोखातही पोहतात. खाली किती पाणी आहे, त्यात काय आहे, काही दिसत नाही.

मग हे येडे का शूर?

यांची तयारी कशी असते ते आधी पाहा.

पोहणारा पाण्यात एकटा दिसतो, पण एकटा नसतो. बरोबर मोठी होडी असते. बहुधा एक छोटी वल्ह्याची होडीही अगदी जवळून चालते. होडीवर एक निरीक्षक असतो, तो घड्याळ लावून सर्व टिपून ठेवतो. पोहणाऱ्याने होडीला हात लावायचा नाही. लावला तर सारी मेहनत फुकट. खाणेपिणे काठीला किंवा दोरीला बांधून त्याच्याकडे देतात. शार्कच्या नाकाडाला विजेची सूक्ष्म जाणीव असते. म्हणून काही ठिकाणी होडीला विजेचे छोटे यंत्र लावतात. त्याने तो दूर राहावा, असा हेतू. तरीही शार्क अंगाशी आलाच, तर पोहणाऱ्याला वर घेतात. त्यात कोणी लाज मानत नाही.

आणि त्याआधी वर्षानुवर्षांचा सराव. रोज तासन् तास पोहायचे. गार पाण्याची अंगाला सवय करायची. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहायचे. वारा ठीक नसला तर दिवसचे दिवस काठावर थांबायचे.

म्हणून आजोबा, हे शूर. भीती यांनाही वाटते. पण भीतीला विचारून, तिची सोय लावून मग ते पाण्यात उतरतात.

बिनशार्कचे पाणी

आता एक हिशेब सांगतो. साऱ्या जगात शार्कच्या चाव्याने वर्षाला साधारण पाच ते दहा माणसे मरतात. आणि बुडून किती मरतात? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज तीन लाखांचा आहे. त्यांतली पुष्कळ मुले आणि तरुण पोरे. विहीर, तळे, नदी, धरण यांत शार्क नसतो. तरी तेच पाणी जास्त माणसे नेते.

यातली एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी शिक्षक होतो. सातवीत दोन पोरे होती. दोघेही पट्टीचे पोहणारे. एकाने उडी मारली की दुसरा त्याच्याहून उंचावरून मारी. मला कौतुक वाटे. एका शनिवारी मी भर वर्गात हसत म्हणालो, "बघू बरं, तुमच्यातला खरा गडी कोण ते!"

दुसऱ्या दिवशी दोघे विहिरीवर गेले. पैज लागली, तळाची माती कोण काढून आणतो. पहिल्याने मूठभर माती आणली. दुसऱ्याने बुडी मारली, माती हाती लागली नाही. पुन्हा मारली, नाही लागली. काठावरची पोरे हसली. त्याने दम घेतला नाही, तसाच तिसऱ्यांदा खाली गेला. तो वर आला नाही.

विहिरीवर मोठे माणूस कोणी नव्हते. दोर नव्हता. पोरे ओरडत गावात आली, तोवर फार उशीर झाला होता.

जो जिंकला, त्याने नंतर कधी पाण्यात पाय घातला नाही. आणि मी? माझ्या तोंडचे ते शब्द मला आजही ऐकू येतात. दोन्ही पोरे शूरच होती. पण त्यांना तयारी, सोबत आणि मागे फिरणे हे कोणी शिकवले नव्हते. शिकवणारा मीच होतो.

शूर माणूसही असा चुकतो. पहिली खाडी पार करणारा मॅथ्यू वेब, त्याचा शेवट कसा झाला? आणखी नाव आणि पैसा मिळावा म्हणून २४ जुलै १८८३ रोजी तो नायगारा धबधब्याखालच्या खळाळात उतरला. लोक नको म्हणत होते. त्या भोवऱ्यांतून तो जिवंत बाहेर आला नाही. तेव्हा तो अवघा ३५ वर्षांचा होता. बारा दिवस काठावर थांबणारा वेब शूर होता. नायगाऱ्यात उडी टाकणाऱ्या वेबला काय म्हणायचे, ते तुम्हीच ठरवा.

आपण काय करावे?

मुलांना पोहायला जरूर शिकवा, मुलींनाही शिकवा. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा सुका भोपळा बांधा, आणि जाणत्या माणसाने काठावर बसा. पाण्यात पैज लावू देऊ नका. दारू प्यालेल्याला पाण्यात उतरू देऊ नका. धरणाचे पाणी वरून शांत दिसते, पण खाली गाळ आणि खड्डे असतात. अनोळखी पाण्यात उडी नको.

कोणी बुडत असेल तर घाईने त्याच्यामागे उडी टाकू नका. बुडणारा मिठी मारतो, आणि दोघेही जातात. काठावरून दोर टाका, बांबू पुढे करा. काही नसेल तर लुगडे किंवा धोतर फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टाकला तरी त्याला आधार होतो. बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर तोंडाने त्याच्या तोंडात हवा भरा, छाती दाबा, आणि कोणाला तरी १०८ नंबरला फोन लावायला सांगा.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर आजोबा उठताना म्हणाले, "गुरुजी, आमच्या हिरीवर दोर न्हाई. उद्याच बांधतो."

मला वाटले, आजचा धडा त्यांना नीट वाचता आला. तुमच्या विहिरीवर दोर आहे का, तेवढे आज जाऊन पाहा.