सामोआत बसायचं कुठे, बोलायचं कसं

सामोआची राजधानी आपिया, तिथली बस भरली म्हणून कुणाला खाली उतरवलं जात नाही. लाकडी बाकं संपली की मांड्या सुरू होतात. शाळेचं पोर उठतं, त्याच्या जागेवर आजी टेकते आणि पोर मागच्या कुणा अनोळखी काकांच्या मांडीवर जाऊन बसतं. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. म्हातारी माणसं पुढे, तरणी मागे, परका पाहुणा शक्यतो खिडकीशी. गाणी टिपेच्या आवाजात चालू असतात, गाडीचं सगळं अंग पोपटी-गुलाबी रंगांत चितारलेलं असतं आणि वेळापत्रक नावाची भानगड नसते. भरली की निघाली. भाडं उतरताना द्यायचं. थांबवायची तर दोरी ओढायची, दोरी जागेवर नसेल तर नाण्याने टकटक करायची.

सामोआत नव्याने येणाऱ्याला मी या बसपासूनच सुरुवात करायला सांगेन. भाषा असो, जेवण असो की गावात पाऊल टाकणं असो, इथे पहिला प्रश्न एकच असतो: आपली जागा कुठली? तो सुटला की बाकीचं लोक हसतहसत शिकवतात.

इतिहास थोडक्यात उरकते. १९०० पासून जर्मनांचं राज्य, १९१४ पासून न्यूझीलंडचं. १९१८ च्या नोव्हेंबरात ऑकलंडहून ‘तालुने’ ही बोट इन्फ्लुएन्झा घेऊन आली, आजारी उतारूंना अडवलं गेलं नाही आणि लोकसंख्येचा जवळपास पाचवा हिस्सा दगावला. त्याचा राग ‘माऊ’ या अहिंसक चळवळीत उतरला. २८ डिसेंबर १९२९ ला आपियाच्या रस्त्यावर पोलिसांच्या गोळीबारात तिचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे मारले गेले. १ जानेवारी १९६२ ला स्वातंत्र्य मिळालं आणि २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात येऊन माफी मागितली. शेजारचं अमेरिकन सामोआ हा वेगळा मामला, ते आजही अमेरिकेकडे आहे. ‘ट्रेझर आयलंड’वाले स्टीव्हन्सन १८९४ मध्ये इथेच वारले, त्यांचं वायलिमाचं घर आणि डोंगरावरची कबर सगळेच पाहतात, मीही पाहिली. आणि हो, व्यापार ज्यांच्याशी त्यांच्याच वारी आपलाही वार यावा म्हणून या देशाने २०११ सालच्या ३० डिसेंबरचा शुक्रवार कॅलेंडरातून काढून टाकला. त्याच्या दोनच वर्षं आधी सगळी वाहनं एका सकाळी उजवीकडून डावीकडे आणली होती. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात, एवढंच कारण. लहान देशाचे निर्णय असे झटपट होतात, याचा थोडा हेवा वाटला.

आता भाषा. मिशनरी १८३० मध्ये आले आणि त्यांनी ती रोमन लिपीत बसवली. मूळची अक्षरं चौदा, शिवाय परक्या शब्दांसाठी तीन. मराठी माणसाला यात एक आयता लाभ आहे. शाळेत ‘क ख ग घ ङ’ घोकताना शेवटच्या अक्षराचं काय करायचं ते आपल्याला कधी कळलं नाही. सामोआत ते सापडतं. तिथला ‘जी’ म्हणजे आपला ङ, आणि तो बेधडक शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. भाषा म्हणजे ‘ङाङाना’, कुटुंब म्हणजे ‘आइङा’, गोरा परदेशी म्हणजे ‘पालाङी’. दुसरा लाभ ‘आपण’ आणि ‘आम्ही’चा. ऐकणाऱ्याला धरून असेल तर ‘तातोऊ’, वगळून असेल तर ‘मातोऊ’. इंग्रज विद्यार्थ्याच्या गळी हा भेद उतरवायला आठवडा लागतो, असं तिथल्या एका शिक्षिकेने मला सांगितलं. आपण तो पाळण्यातून घेऊन आलेलो असतो. फक्त ‘आपण दोघं’ आणि ‘आम्ही दोघं’ यांना आणखी वेगळे शब्द आहेत, ते मात्र पाठ करावे लागतात.

खरी गंमत ‘त’ आणि ‘क’ची. चर्चमध्ये, वर्गात, रेडिओवरच्या बातम्यांत ‘फाआफेताई’, म्हणजे आभार. बाजारात, घरी, मित्रांत तोच शब्द ‘फाआफेकाई’ होतो. मुलगी एकीकडे ‘तेइने’, दुसरीकडे ‘केइङे’. पहिल्या बोलीला चांगलं बोलणं म्हणतात, दुसरीला वाईट बोलणं, पण ते नावापुरतं. आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसणारे स्वतः कधी ‘पानी’ म्हणत नाहीत. सामोआत तोच माणूस दोन्ही बोलतो, आणि मोठमोठी गावप्रमुख मंडळी सभेतली लांबलचक भाषणंही ‘क’मध्येच ठोकतात. तरीही नवख्याने ‘त’ सोडू नये. माझ्यासमोर बाजारातल्या पोरींनी आपसातलं ‘क’चं बोलणं थांबवून माझ्यासाठी सावकाश ‘त’ काढला. पाहुण्याशी असंच बोलायचं, हे त्यांना घरून शिकवलेलं असतं.

त्यावर आणखी एक मजला आहे, मानाच्या शब्दांचा. आपण तू-तुम्ही-आपण करून थांबतो, इथे क्रियापदच बदलतं. साध्या माणसाला ‘सऊ’, म्हणजे ये. कुळाचा प्रमुख ‘मताई’. त्यांत उच्च पदाचा ‘अलीई’ आला तर ‘आफिओ माई’, आणि वक्तृत्वाचा मान असलेला ‘तुलाफाले’ आला तर ‘मालिऊ माई’. घर म्हणजे ‘फाले’, पण पहिल्याच्या घराला ‘माओता’ म्हणायचं आणि दुसऱ्याच्या घराला ‘लाओआ’. स्वतःबद्दल बोलताना मात्र यातला एकही शब्द वापरायचा नाही, कितीही मोठे असा. समोर कोण बसलंय ते माहीत नसेल तर तोंड उघडताच येत नाही, म्हणून गावात आधी ओळखीपाळखी होतात, मग कामाचं बोलणं.

एवढं सगळं पाहुण्याला येणं शक्य नाही, आणि कुणी अपेक्षाही करत नाही. ‘तालोफा’ म्हणजे नमस्कार, ‘फाआफेताई’, ‘फाआमोलेमोले’ म्हणजे कृपया, आणि ‘तुलोऊ’ – एवढ्यावर पुष्कळ भागतं. यातला ‘तुलोऊ’ सर्वांत मोलाचा. बसलेल्या माणसांसमोरून जायची वेळ आली की कमरेत वाकायचं आणि जाता जाता हळूच ‘तुलोऊ’ म्हणायचं. घरात शिरल्यावर उभ्याने बोलायचं नाही, आधी चटईवर मांडी घालून बसायचं, पाय कुणाकडे पसरायचे नाहीत, फारच अवघडले तर त्यांवर चटई ओढून घ्यायची. पंक्तीला बसून वाढलेल्या पिढीला हे जड जाऊ नये. सोफ्यावर वाढलेल्यांनी निघण्याआधी सवय करावी.

पारंपरिक घर म्हणजे नुसते खांब आणि वर छप्पर. भिंती नाहीत, पाऊस आला तर झावळ्यांच्या विणलेल्या झडपा खाली सोडायच्या. संध्याकाळी शंख किंवा घंटा वाजते तो ‘सा’, प्रार्थनेचा वेळ. गावातले तरुण लुंगीसारखं ‘लावालावा’ गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभे राहतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत गावातून फिरू नये, बाहेर असाल तिथे थांबावं. रविवारी सगळं बंद. पांढरे कपडे, चर्च, मग ‘तोओनाई’ हे आठवड्याचं मोठं जेवण. पहाटे तापवलेल्या दगडांवर पानं झाकून भाजलेला तारो, म्हणजे आपल्या अळूचा कंद, आणि ‘पालुसामी’: अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं घट्ट दूध आणि कांदा बांधून भाजतात. बेसन नसलेली अळूवडी म्हणावी तर कोकणातली माणसं रागावतील, पण त्यांनी आधी चाखावी.

किनारा, ओढा, धबधबा, सगळं कुठल्या ना कुठल्या गावाचं असतं. देशातली सुमारे ८० टक्के जमीन कुळांच्या सामाईक मालकीची आहे, ती विकता येत नाही. तेव्हा पोहायला उतरण्याआधी गावाला विचारायचं आणि मागतील ते पैसे द्यायचे. काही प्रवासी यावर कुरकुरतात. मला तरी त्यात वावगं दिसलं नाही.

आपिया ज्या उपोलू बेटावर आहे त्याच्या पश्चिम टोकाला मुलिफानुआहून बोट सुटते, तासाभरात सवाई बेटाला पोहोचते. बेट मोठं, माणसं कमी. तिथल्या पलाउली भागात एक बाई भेटल्या, साठीच्या पुढच्या. झाडाच्या सालीचं कापड करतात, त्याला ‘सिआपो’ म्हणतात. मी ठरवलेल्या यादीतलं बाकीचं त्या दिवशी राहिलं, कारण तिथून उठवेना.

झाड कागदी तुतीचं, इथे ‘ऊआ’. अंगठ्याएवढ्या जाडीची काठी कापायची, साल टोकापासून एकाच ओढीत सोलायची. मध्ये फाटली तर गेली. बाहेरचं हिरवं टाकून आतली पांढरी साल पाण्यात भिजवायची, तिरक्या फळीवर धरून शिंपल्यांनी खरवडायची: आधी खरखरीत शिंपला, मग मऊ. मग लाकडी ओंडक्यावर ठेवून चौकोनी दांड्याने ठोकायची. चार बोटांची पट्टी बघता बघता वीतभर, मग हातभर रुंदावते. ठोकण्याला एक ताल असतो आणि बाई त्या तालात बोलत होत्या. सुकल्यावर भोकं पडलेली दिसतात, तिथे अर्धवट शिजवलेला कंद खळीसारखा चोळून सालीचंच ठिगळ लावायचं. दोन थर एकमेकांवर चिकटवले की कापड तयार. नक्षीची कोरीव फळी असते, तिला ‘उपेती’ म्हणतात. कापड त्यावर पसरून वरून रंग घासायचा, मग गडद रेघा हाताने भरायच्या. जाळं, विलायती फणसाचं पान, गोम, ‘तुली’ पक्ष्याच्या पावलांचे ठसे, अशी नक्षी असते.

तपकिरी रंग ‘ओआ’च्या सालीचा, हे झाड आपल्या सह्याद्रीतही आहे. काळा जंगली अक्रोडाच्या काजळीचा. तांबडा शेंद्रीच्या बियांचा. पिवळा ‘आङो’चा, असं म्हणत त्यांनी परसातून एक गड्डा उकरून आणला आणि नखाने खरवडून माझ्यापुढे धरला. हळद!

“तुमच्या इनितियात आहे हे?” त्यांनी विचारलं.

आमच्याकडे स्वयंपाक त्याच्याशिवाय होत नाही, लग्नही होत नाही, आणि नव्या कापडाच्या कोपऱ्याला याचं बोट टेकवतात, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मुलीला हाक मारून ते तिला सामोअनमध्ये ऐकवलं. मुलीला त्यात फारसा रस दिसला नाही. ती ऑकलंडला नर्सिंगला जाणार आहे. साली-शिंपल्यांचं काम तिने लहानपणी केलंय, पुढे करणार नाही, हे आईलाही ठाऊक आहे. “पैसे पाठवेल,” आई म्हणाल्या, “साल कोण सोलणार?”

न्यूझीलंडमध्ये आज दोन लाखांवर सामोअन वंशाची माणसं आहेत, म्हणजे जवळजवळ देशाइतकीच. दरवर्षी तिथे सामोअन भाषेचा सप्ताह साजरा होतो. तिथून आलेल्या पैशांवर घरं उभी राहतात, आणि आता ती सिमेंटच्या विटांची, भिंतींची, जाळीच्या खिडक्यांची असतात. वादळाला ती बरी, हे मान्य. पण दुपारी आतून भट्टी होतात आणि मंडळी पुन्हा बाहेरच्या जुन्या उघड्या फालेत येऊन पडतात. जेवणातही डबे आले. खारवलेल्या गोमांसाचा डबा आता लग्नामयताच्या देण्याघेण्यात मोजला जातो. मधुमेहाची तक्रार मी बसमध्येही ऐकली. उत्तम विणीच्या सामोअन चटईला युनेस्कोने २०१९ मध्ये मानाच्या यादीत घेतलं. सिआपोच्या वाट्याला तसं काही आलेलं नाही. त्याची नक्षी मात्र सुती कापडावर छापून बाजारात ढिगाने मिळते, आणि शाळेच्या गणवेशापासून पंतप्रधानांच्या शर्टापर्यंत सगळीकडे दिसते. नक्षी जगली, साल सोलणारे हात संपत चाललेत, असा हा व्यवहार आहे. सिआपो टिकवण्याची सरकारला फार घाई दिसली नाही.

जाता जाता एक: आपियाच्या फुगालेई बाजारात केळ्यांच्या घडांवर बसलेले पक्षी ओळखीचे वाटले. साळुंक्या. आपल्याच मुलखातल्या, कुणीतरी इथे आणून सोडलेल्या, आणि आता स्थानिक पाखरांना हुसकावणाऱ्या. त्यांना आवरण्यासाठी मोहिमा निघाल्या. मी राहत होते तिथल्या मालकीणबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवून “तुमच्याच ना?” असं विचारलं, तेव्हा मी विषय बदलला.

जायचं असेल तर ऑकलंड, सिडनी, ब्रिस्बेन किंवा फिजीतल्या नाडीहून विमान मिळतं. शनिवारी संध्याकाळी पोहोचू नका, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद असतात. गुडघ्याखाली येणारा एक लावालावा पहिल्याच दिवशी बाजारात घ्या, गावात तो लागतोच. सिआपो घ्यायचा असेल तर हॉटेलच्या दुकानातून घेऊ नका. बोटीने सवाईला जा, पलाउलीत कुणालाही विचारा, करणाऱ्या बाईच्या ओसरीवर मांडी घालून बसा आणि ती सांगेल ती किंमत द्या. भावात घासाघीस करायची पद्धत सामोआत नाही.