उत्पादक कंपनीचे हिशेब ‘क्लाउड’वर : काम बाहेर द्या, ताबा स्वतःकडे ठेवा

मळणीयंत्र आपण हंगामापुरते भाड्याने आणतो. वर्षात आठ-दहा दिवस लागणारे यंत्र विकत घेऊन उरलेले वर्ष गंजत ठेवणे परवडत नाही. बेदाणाही आपण शीतगृहात ठेवतो. जागा आणि वीज शीतगृहाची असते, माल मात्र आपला असतो व त्याची पावती आपल्या खिशात असते. आशियातील लहान-मोठे उद्योग गेली पंधरा-वीस वर्षे आपल्या हिशेबाच्या आणि नोंदींच्या बाबतीत हेच करू लागले आहेत. आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्याही त्या वाटेने निघाल्या आहेत. म्हणून ही पद्धत समजून घेणे आवश्यक आहे.

क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड म्हणजे ढग. परंतु आपल्या नोंदी काही आकाशात नसतात. त्या जमिनीवरील एका मोठ्या इमारतीतील संगणकांत असतात. या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. तेथील साठवण आणि संगणकाची ताकद आपण इंटरनेटमार्फत वापरतो व वापरापुरते भाडे देतो. अमेझॉनने अशी सेवा केंद्रे सिंगापूर येथे २०१० साली व मुंबई येथे २०१६ साली सुरू केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथून सेवा सुरू केली.

आउटसोर्सिंग म्हणजे काय?

क्लाउडमध्ये यंत्र भाड्याचे असते, तर आउटसोर्सिंगमध्ये कामच बाहेरच्या माणसाकडून किंवा संस्थेकडून करून घेतले जाते. पाश्चात्त्य कंपन्यांनी संगणक प्रणाली तयार करण्याचे काम भारताकडे व ग्राहकांच्या दूरध्वनींना उत्तरे देण्याचे काम भारत आणि फिलिपीन्सकडे दिले, ते याच पद्धतीने. आता लहान व्यावसायिकही हिशेब, पगारपत्रक व जीएसटी विवरणपत्रे बाहेरून करून घेतात.

निर्यातक्षम द्राक्ष बागायतदारांना हे नवीन नाही. कीडनाशकांच्या अवशेषांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा करते आणि बागेची नोंद अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ या इंटरनेटवरील प्रणालीत असते. ही प्रणाली २००६ साली सुरू झाली.

उत्पादक कंपनीला फायदा

कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीमुळे किमान १० उत्पादकांना एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन करता येते. अशा लहान कंपनीला पूर्णवेळ हिशेबनीस परवडतोच असे नाही. कार्यालयातील एकुलता एक संगणक वीज पडून किंवा व्हायरसमुळे बंद पडला तर सगळे हिशेब अडकतात. क्लाउडवर नोंदी असल्यास संकलन केंद्रावर केलेली वजनाची नोंद तालुक्याचा हिशेबनीस व गावातील संचालक त्याच दिवशी पाहू शकतात. सभासदाला आपल्या मालाचे वजन व येणे लगेच कळते. वजनावरून होणारे वाद त्यामुळे कमी होतात.

धोका कोठे आहे?

दक्षिण कोरियातील दोन घटना लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी पांग्यो येथील डेटा सेंटरला आग लागली आणि तेथील अतिशय लोकप्रिय ‘काकाओ’ या सेवा ठप्प झाल्या. त्या पूर्ववत होण्यास काही दिवस लागले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये आग लागून ६०० पेक्षा अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या. तेथे शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामकाजाच्या फायली ठेवलेल्या साठ्याची दुसरीकडे प्रत नव्हती, त्यामुळे तो साठा नष्ट झाला. प्रगत देशात जे घडले ते कोठेही घडू शकते.

आगीपेक्षा नेहमीचा धोका मात्र साधा आहे. समजा, तुरीची खरेदी ऐन भरात आहे, शेकडो सभासदांचे पैसे द्यायचे आहेत आणि बाहेरचा हिशेबनीस काम सोडून गेला. क्लाउडचे मुख्य खाते त्याच्याच मोबाईल क्रमांकावर असेल, तर कंपनीला स्वतःचेच हिशेब उघडता येणार नाहीत. तसेच चुकून पुसलेली नोंद सर्वांच्याच मोबाईलवरून पुसली जाते. म्हणून क्लाउडवर नोंदी आहेत याचा अर्थ त्यांची वेगळी प्रत आहे, असा समजू नये.

कायदा काय सांगतो?

कंपनीने हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जतन करावी लागतात. ती संगणकावर असल्यास त्यांची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर घेतली गेली पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद आपोआप राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. काम बाहेर दिले तरी संचालकांची जबाबदारी संपत नाही.

घ्यावयाची काळजी

१. सेवा देणाऱ्याशी लेखी करार करावा. नोंदींची मालकी कंपनीची राहील आणि करार संपल्यावर सर्व नोंदी वापरता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हे त्यात स्पष्ट लिहावे.

२. मुख्य खाते कंपनीच्या ई-मेल व मोबाईल क्रमांकावरच उघडावे. त्याचा पासवर्ड किमान दोन संचालकांकडे असावा.

३. नोंद करणारा आणि पैसे देण्यास मंजुरी देणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. बँकेचा ओटीपी हिशेबनिसाला सांगू नये.

४. दर आठवड्याला नोंदींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती कार्यालयाबाहेर ठेवावी. महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. न उघडणारी प्रत नसल्यासारखीच असते.

५. इंटरनेट बंद असेल त्या दिवसासाठी वजनाचे छापील पावती पुस्तक ठेवावे.

६. सभासदांचे आधार व बँक खाते क्रमांक कामापुरत्याच व्यक्तींना दिसतील अशी व्यवस्था करावी.

७. भाड्याच्या नूतनीकरणाची तारीख सभेच्या इतिवृत्तात नोंदवावी.

सुरुवात एका पिकाच्या खरेदीपासून करावी. त्या हंगामात वही आणि क्लाउड दोन्ही चालू ठेवून दोन्हीकडील बेरजा जुळतात का ते पाहावे. जुळल्यानंतरच संपूर्ण कारभार क्लाउडवर न्यावा. पुढील संचालक मंडळाच्या सभेत एक प्रश्न अवश्य विचारा : आपल्या हिशेबाची किल्ली आज नेमकी कोणाकडे आहे?