शासन-पुरस्कृत परदेश अध्ययनाच्या संधी : करार आणि परतीची जबाबदारी
(नाशिक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

विद्यार्थी, शिक्षक व व्यावसायिक यांनी शासनाच्या खर्चाने परदेशी जावे, तेथील विद्या आत्मसात करावी आणि तिचा लाभ स्वदेशास करून द्यावा, ही कल्पना आज सर्वपरिचित आहे. तथापि अशा संधींविषयी महाविद्यालयीन वर्तुळात होणारी चर्चा बहुधा रकमेभोवती फिरते. विमानभाडे मिळते काय, निर्वाहभत्ता किती, शिक्षणशुल्क कोण भरते, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. पैसा देणारा पक्ष बदल्यात काय अपेक्षितो आणि परतून आलेल्या व्यक्तीस सामावून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न मागे राहतात. शासन-पुरस्कृत शिष्यवृत्ती हा दोन पक्षांमधील करार असून त्याचा उत्तरार्ध, म्हणजे परतीनंतरचा भाग, पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी नाशिक जिल्ह्याशी निगडित असलेले एक ऐतिहासिक उदाहरण व आजच्या काही प्रमुख योजना यांचा आधार घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कवळाणे, बडोदे आणि न्यूयॉर्क

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकत्र येतात. मालेगाव-चांदवडकडून वा सिन्नरकडून शिक्षणासाठी येणारा विद्यार्थी बहुधा याच चौकातून शहरात प्रवेश करतो. त्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळराव गायकवाड यांचा जन्म झाला. १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) या नावाने ख्यातकीर्त झाले. परदेश अध्ययनास राजकोशातून साहाय्य देणाऱ्या भारतीय राज्यकर्त्यांमध्ये त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. देवाणघेवाणीची दुसरी बाजूही त्यांनी जाणली होती. अमेरिकेतील ग्रंथालये पाहिल्यानंतर त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास आणले आणि त्याच्याकरवी संस्थानातील सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. माणसे पाठविणे आणि माणसे आणणे ही एकाच धोरणाची दोन अंगे होत, हे यावरून दिसून येते.

या धोरणाचे सर्वांत महत्त्वाचे फलित म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन होय. जून १९१३ मध्ये त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड विद्यावेतन, नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा, असे त्याचे स्वरूप होते. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पदवी संपादन केली. पुढे एक वर्षाची मुदतवाढ मिळाल्याने त्यांना लंडनमध्येही अध्ययन सुरू करता आले. मात्र ती मुदत संपताच १९१७ मध्ये शिक्षण अपुरे ठेवून त्यांना परतावे लागले.

करारानुसार ते सेवेसाठी बडोद्यास गेले. तेथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहण्याची पाळी आली आणि ओळख उघड होताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदविला आहे. अखेर काही महिन्यांतच त्यांनी बडोदे सोडले. शिष्यवृत्तीधारकाने आपल्या बाजूने करार पाळला होता. राज्याने पैसाही दिला होता. परतलेल्या विद्वानास सामावून घेण्याची सामाजिक तयारी मात्र कोणीच केली नव्हती. १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य त्यांना लाभले.

या अध्ययनाचा लाभ नाशिक जिल्ह्यास निराळ्या मार्गाने मिळाला. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीची येवला येथील धर्मांतराची घोषणा या दोन्ही घटना याच जिल्ह्यात घडल्या. शिष्यवृत्तीचे फळ देणाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणेच मिळेल असे नाही. ते पुष्कळदा त्याहून व्यापक असते.

तुलनेसाठी आणखी एक उदाहरण पाहता येईल. भगूर येथे जन्मलेले विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते श्यामजी कृष्ण वर्मा यांच्यामार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. ही शिष्यवृत्ती खासगी होती. ती घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची नोकरी पत्करू नये, अशी अट होती. एक करार सेवा मागत होता, दुसरा सेवा नाकारण्यास सांगत होता. अटीविना मात्र कोणताच नव्हता.

आजच्या प्रमुख योजना व त्यांतील अटी

पुरस्कर्ता कोण, या निकषावर आजच्या योजनांचे तीन वर्ग पाडता येतात.

(१) परकीय शासनांच्या योजना : अमेरिकेत १९४६ मध्ये सुरू झालेला फुलब्राइट कार्यक्रम २ फेब्रुवारी १९५० च्या द्विपक्षीय करारान्वये भारतात आला. २००८ मध्ये नवा करार होऊन भारत सरकार त्यात समान भागीदार झाले व शिष्यवृत्त्यांना फुलब्राइट-नेहरू हे नाव मिळाले. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून, तर राष्ट्रकुल शिष्यवृत्ती योजना १९५९ च्या ऑक्सफर्ड परिषदेतील निर्णयानुसार अस्तित्वात आली. जपानचे शिक्षण मंत्रालय शालेय शिक्षकांसाठी सुमारे दीड वर्षाचे प्रशिक्षण देते. त्यासाठी पाच वर्षांचा अध्यापनानुभव आवश्यक असतो.

या योजनांमध्ये परतीची अट ठळक आहे. चेव्हनिंगधारकास अभ्यासक्रम संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर शासकीय निधीतून गेलेल्या व्यक्तीसही दोन वर्षे स्वदेशी वास्तव्य केल्याखेरीज तेथील स्थलांतरित व्हिसा मिळू शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने विशेष कौशल्यांच्या यादीतून भारताचे नाव वगळले. तथापि शासकीय निधी घेणाऱ्यांवरील बंधन त्यामुळे दूर झालेले नाही. हा भेद लक्षात न घेता केलेले भावी आयुष्याचे नियोजन कोलमडण्याचा संभव असतो.

(२) भारतातील शासनांच्या योजना : केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र योजना आहे. त्या विभागाचे आयुक्तालय नाशिक शहरातच आहे; सुरगाणा, पेठ, कळवण येथील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षणीय ठरते.

देणाऱ्याच्या अटी विषयनिवडीपर्यंत पोहोचू शकतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांद्वारे भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. डॉ. आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध भारतातील जातिसंस्थेवरच होता, याचे येथे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

(३) भारतात येणाऱ्यांसाठीच्या योजना : १९५० मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परदेशी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या देते. १५ सप्टेंबर १९६४ रोजी सुरू झालेला 'आयटेक' कार्यक्रम विकसनशील देशांतील अधिकारी व व्यावसायिक यांना भारतात प्रशिक्षण देतो. येणाऱ्यांमुळे यजमान समाजास काय लाभते, याचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे गेल ऑम्वेट. १९६३-६४ मध्ये फुलब्राइट योजनेतून इंग्रजीच्या अध्यापनासाठी त्या भारतात आल्या. पुढे महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी संशोधन केले व १९८३ मध्ये भारताचे नागरिकत्व स्वीकारले.

पुरस्कर्त्यावरील अवलंबित्व

शासनाचे धोरण बदलले की संधीही बदलतात. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने चीन व हाँगकाँगशी असलेली फुलब्राइट देवाणघेवाण थांबविली. जून २०२५ मध्ये निवडप्रक्रियेत हस्तक्षेप झाल्याचे कारण देत फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. म्हणून एकाच देशाच्या एकाच योजनेवर भिस्त ठेवणे अर्जदाराच्या हिताचे नाही.

जिल्हास्तरावरील अडचणी आणि उपाय

गुणवत्ता असूनही जिल्ह्यातील अर्जदार मागे पडण्याचे मुख्य कारण कालगणनेत आहे. बहुतेक योजनांचे अर्ज प्रत्यक्ष प्रस्थानाच्या सुमारे एक वर्ष आधी मागविले जातात. चेव्हनिंगचे अर्ज साधारणपणे ऑगस्टमध्ये खुले होतात आणि अभ्यासक्रम पुढील वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सुरू होतो. पदवीच्या अंतिम निकालानंतर चौकशी करणारा विद्यार्थी अशा प्रकारे एक वर्ष गमावतो. पात्रतेचा प्रश्नही आहेच. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीस चार वर्षांच्या समकक्ष पदवी व तीन वर्षांचा कार्यानुभव लागतो. केवळ तीन वर्षांची पदवी त्यास पुरत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत रजा ही कळीची बाब होय. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत अध्ययन रजेची तरतूद आहे. परंतु ना हरकत प्रमाणपत्र, संस्थेची शिफारस आणि सेवेचे बंधपत्र यांची पूर्तता निवडीनंतर सुरू केल्यास मुदत हातची जाते.

या दृष्टीने महाविद्यालयांनी पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, पदवीच्या दुसऱ्या वर्षीच पारपत्र, गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती व इंग्रजी भाषाचाचणी यांची माहिती द्यावी. दुसरी, अर्ज करण्यापूर्वी करारातील परतीची, विषयाची व परतफेडीची कलमे विद्यार्थी व पालक यांच्यासमवेत वाचावीत. योजनांचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने चालू वर्षाचीच अधिकृत जाहिरात प्रमाण मानावी. तिसरी, परतून आलेल्या विद्यार्थ्यांची व शिक्षकांची नोंद ठेवून त्यांच्याकडे एखादा अभ्यासक्रम, व्याख्यानमाला वा प्रयोगशाळेचे काम सोपवावे.

समारोप

शासन-पुरस्कृत परदेश अध्ययनाचे यश किती जण गेले यावर मोजण्याची प्रथा आहे. बडोद्याच्या उदाहरणावरून मात्र असे दिसते की, उदार राजा, असामान्य विद्यार्थी आणि स्पष्ट करार असूनही परतीची व्यवस्था नसेल तर करार निष्फळ ठरतो. पहिल्या दोन सूचना अर्जदाराच्या तयारीशी संबंधित आहेत. तिसरी सूचना संस्थेच्या स्वतःच्या कर्तव्याविषयी आहे. तिला वेगळा निधी लागत नाही, शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही, आणि कराराचा उत्तरार्ध पूर्ण होतो तो तिच्यामुळेच.