आटे गेलेला बोल्ट

केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात देशी होड्यांना बाहेरून जोडावयाची एंजिने झपाट्याने आली. एंजिन पेट्रोलवर सुरू करावयाचे आणि ते तापल्यावर रॉकेलवर चालवावयाचे, अशी रीत तेथे रूढ झाली. रॉकेल स्वस्त पडे. परंतु त्याची काजळी सिलिंडरमध्ये लवकर साचते. ती खरवडून काढण्यासाठी सिलिंडरचे झाकण, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील ‘हेड’, वरचेवर उघडावे लागते. प्रत्येक वेळी त्याचे बोल्ट सुटतात आणि पुन्हा आवळले जातात. अशाच एखाद्या वेळी पान्याला लागणारा जोर एकाएकी नाहीसा होतो आणि बोल्ट नुसताच फिरत राहतो.

‘बोल्टचे आटे गेले’ असे आपण म्हणतो खरे, पण पुष्कळदा बोल्ट शाबूत असतो. आटे जातात ते छिद्राचे. बोल्ट पोलादी असतो आणि एंजिनचा ठोकळा ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांच्यामध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तीत झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांत साचते, मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि बोल्टला जखडून टाकते. असा बोल्ट जोर लावून काढला की मऊ धातूचे आटे त्याच्याबरोबर खरवडून निघतात. किनाऱ्यावर राहून गेलेले हे एक वैगुण्य समुद्रात महाग पडते. हेड एका बाजूने सैल राहिले की गॅस्केटमधून वायू निसटतो, थंडाव्याचे पाणी सिलिंडरमध्ये शिरते आणि लाटा फुटतात त्या पट्ट्यातच एंजिन बंद पडण्याची भीती असते.

छिद्र मोठे करून जाड बोल्ट बसविणे हा सर्वांना प्रथम सुचणारा उपाय. तो क्वचितच चांगला ठरतो. कारण मग हेडमधील छिद्रही वाढवावे लागते आणि मूळची पातळ भिंत आणखी पातळ होते. छिद्रात चिकट लांबी भरून आटे पाडण्याचा मार्ग एखाद्या झाकणीच्या स्क्रूपुरता चालेल. हेडच्या ताणापुढे आणि उष्णतेपुढे त्याचा निभाव लागत नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे न गंजणाऱ्या पोलादी तारेचे वेटोळे. ‘हेलिकॉइल’ या व्यापारी नावाने ते अधिक परिचित आहे. या तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा असतो; त्यामुळे तिच्या बाहेरच्या धारा अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि आतल्या धारांचे नवे आटे बनतात. बोल्ट मूळ मापाचाच राहतो. शिवाय, आटे आता पोलादाचे असल्यामुळे ते वारंवार उघडझाप सोसतात.

८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी जुने छिद्र सुमारे ८.३ मिलिमीटरच्या ड्रिलने साफ करतात. सारे यश येथेच ठरते. ड्रिल तिरपे गेले तर बोल्टही तिरपा बसेल. फार खोल गेले तर पलीकडची पाण्याची वाट फुटेल. म्हणून ड्रिलवर हव्या त्या खोलीशी चिकटपट्टीची खूण करावी आणि सिलिंडरचे तोंड चिंधीने बंद करावे. नंतर आटे पाडावयाचे ते वेटोळ्याबरोबर मिळणाऱ्या खास टॅपने; नेहमीचा ८ किंवा १० मिलिमीटरचा टॅप येथे निरुपयोगी आहे. टॅपला ग्रीज लावले की कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. अ‍ॅल्युमिनियम कापताना वंगण म्हणून रॉकेल उत्तम, आणि ते तर होडीतच असते! अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अशा बेताने टॅप चालवावा.

छिद्र स्वच्छ करून वेटोळे हत्याराने आत फिरवितात. त्याचा वरचा वेढा पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली राहावा. वर राहिल्यास हेड नीट टेकत नाही. वेटोळे फिरविण्यासाठी त्याच्या तळाशी तारेचा एक आडवा तुकडा असतो. तो मोडून बाहेर काढण्यास विसरू नये.

बोल्टला सागरी ग्रीज लावूनच तो बसवावा, कारण वेटोळेही पोलादी असल्याने खाऱ्या पाण्याचे जुने वैर संपलेले नसते. मात्र ग्रीज लावलेला बोल्ट तेवढ्याच जोराने अधिक ताणला जातो, हे ध्यानात ठेवून निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्यापलीकडे जाऊ नये. हेडचे बोल्ट मधल्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. एक बोल्ट गेला असेल तर शेजारच्यांची स्थितीही बहुधा तशीच असते. तेव्हा हेड उघडे आहे तोवर तीही छिद्रे तपासून घ्यावी. पुढे कधी बोल्ट काढताना वेटोळेच त्याच्याबरोबर बाहेर आले, तर छिद्र मापापेक्षा मोठे पडले होते असे समजावे. तेथे दुसरे वेटोळे टिकत नाही. जाड भिंतीची, आतून-बाहेरून आटे असलेली पोलादी बुश बसवावी लागते, आणि ते काम लेथ असलेल्या कारखान्याकडे सोपविणे बरे.