मुक्या किमती, बोलक्या रांगा

सोव्हिएत काळात शहरातला माणूस घराबाहेर पडताना खिशात जाळीची एक पिशवी टाकूनच निघे. घडी केली की मुठीत मावणारी, उघडली की चार-पाच किलो बटाटे पोटात घेणारी. तिचं नाव ‘अवोस्का’. रशियनमध्ये ‘अवोस’ म्हणजे ‘न जाणो’, ‘मिळालंच काही तर’. वाटेत कुठे रांग दिसली की आधी तिच्यात उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं, ‘काय आलंय?’ संत्री असतील, बूट असतील, नाहीतर नुसता साबण. लोक ‘विकत घेतलं’ असं फारसं म्हणत नसत, ‘मिळवलं’ म्हणत. दुकानात माल ‘आला’ असंही नाही, ‘टाकला’ म्हणत.

साठी ओलांडलेल्या मराठी वाचकाला यात फार नवल वाटणार नाही. ‘स्कूटरचा नंबर लागला’, ‘फोनचा नंबर लागला’ ही आपल्याकडचीच वाक्यं. पण आपल्याकडे नंबर मोजक्या वस्तूंना होते. मंडईतली मेथी त्या दिवशीच्या भावाने मिळत होती. तिकडे सगळा संसारच नंबरावर चालला होता.

टंचाईची बातमी समाजात दोन तोंडांनी बाहेर पडते. एक तोंड किमतीचं. वस्तू कमी पडली की भाव चढतो आणि चार जण ती पिकवायला किंवा बनवायला धावतात. दुसरं तोंड माणसाचं. तो ओरडतो, वर्तमानपत्रात लिहितो, मोर्चा काढतो, मत फिरवतो. साम्यवादी राजवटींनी ही दोन्ही तोंडं बंद केली. मग जे सांगायचं ते रांगेला सांगावं लागलं. १९८९ ते १९९१ या तीन वर्षांत पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघ कोसळला, त्याची कहाणी या दोन बंद तोंडांची आहे.

गोसप्लानचं साम्राज्य

१९२१ मध्ये मॉस्कोत ‘गोसप्लान’ ही नियोजन संस्था स्थापन झाली आणि १९२८ पासून पंचवार्षिक योजनांचं पर्व सुरू झालं. पुढे मालाच्या पुरवठ्याला वेगळी यंत्रणा आली, किमती ठरवायला वेगळी समिती आली. कोणत्या कारखान्याने किती पोलाद काढायचं, ते कोणाला द्यायचं आणि कोणत्या भावाने, हे सगळं राजधानीत ठरे. किंमत हा हिशेबाच्या वहीतला आकडा होता. त्याने कोणाला काही कळवावं अशी अपेक्षाच नव्हती.

ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून फसलेली होती, असं म्हणणं सोपं आहे, खरं नाही. उरलच्या माळावर मॅग्निटोगोर्स्कचा प्रचंड पोलाद कारखाना काही वर्षांत उभा राहिला. निरक्षर देश साक्षर झाला. हिटलरचं सैन्य मागे रेटणारे रणगाडे याच व्यवस्थेने पुरवले. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला, १९६१ च्या एप्रिलमध्ये गागारिन. त्याच वर्षी अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. वाटेगावातून चालत मुंबईला आलेल्या, गिरणगावात वाढलेल्या माणसाला तो देश कष्टकऱ्यांचा स्वर्ग वाटला असेल, तर ते समजण्यासारखं आहे. ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं जात होतं, त्याचं तिथे पाहुणा म्हणून स्वागत झालं.

पण या यशासाठी मोजलेली किंमत भयंकर होती. सामुदायिक शेतीच्या सक्तीमागून १९३२-३३ चा दुष्काळ आला. युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी लाखो माणसं मेली आणि त्याच काळात धान्य परदेशी विकलं जात होतं. भुकेची बातमी छापायला बंदी होती. दोन्ही तोंडं बंद असली की काय होतं, याचा पहिला दाखला तिथे मिळाला.

आकड्यांचं पीक

एकच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करायची असते तोवर हुकूम चालतो. पोलाद, धरण, रणगाडा, रॉकेट. घोळ सुरू होतो तो बूट, बटणं आणि सुयांपाशी. वस्तू लाखो, आणि प्रत्येकीचं आकारमान, रंग, दर्जा मॉस्कोतून ठरवायचा. मग उद्दिष्ट ठोक द्यावं लागे. ‘क्रोकोदिल’ या सोव्हिएत विनोदी नियतकालिकातलं एक व्यंगचित्र गाजलं होतं. कारखान्याचं उद्दिष्ट टनांत, म्हणून त्याने अख्ख्या महिन्याचा एकच अजस्र खिळा काढला. उद्दिष्ट पुरं, सुतार मात्र रिकामा.

कारखान्याचा संचालकही मुरलेला असे. उद्दिष्ट १०० असताना ११० काढले, तर पुढच्या वर्षी उद्दिष्टच ११० होणार. म्हणून तो क्षमता लपवी, कच्चा माल जादा मागे आणि साठवून ठेवी. महिन्याचे पहिले वीस दिवस सामानाची वाट पाहण्यात जात, शेवटच्या दहा दिवसांत रात्रंदिवस धडपड. घासाघीस करून माल काढून आणणारा ‘तोल्काच’ नावाचा माणूस प्रत्येक मोठ्या कारखान्याकडे असे. शब्दाचा अर्थ ‘ढकलणारा’. कागदावर त्याची जागा नसे, पण त्याच्यावाचून योजना हलत नसे. खालून खोटे आकडे वर जात आणि त्यांच्यावर आधारलेले हुकूम खाली येत. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

हे आतल्यांना कळत नव्हतं असं नाही. प्लायवूड कारखान्याच्या यंत्रांवर काम कसं वाटावं, या साध्या प्रश्नातून लिओनिद कान्तोरोविच या गणितज्ञाने १९३९ मध्ये एक नवी पद्धत मांडली. तिच्यातून प्रत्येक दुर्मीळ साधनाची खरी किंमत गणिताने काढता येत होती. पक्षाला त्यात भांडवलशाहीचा वास आला. १९७५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या देशातल्या दुकानांत फरक पडला नाही. पंतप्रधान कोसिगिन यांनी १९६५ मध्ये कारखान्यांना नफ्याचा निकष लावण्याचा प्रयत्न केला, तोही काही वर्षांत विरला. हंगेरीच्या यानोश कोर्नाई यांनी १९८० मध्ये ‘टंचाईचं अर्थशास्त्र’च ग्रंथरूपात मांडलं. त्यांचा मुद्दा घरगुती भाषेत असा: बाप कर्ज फेडणारच आहे, हे माहीत असलेला मुलगा खर्चाचा विचार करत नाही. सरकार तोटा भरून देणार असेल, तर कारखान्याची भूक कधीच भागत नाही आणि टंचाई कायमची मुक्काम करते.

एक जून १९६२

या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग दक्षिण रशियातल्या नोव्होचेर्कास्क शहरातला. १ जून १९६२ रोजी सरकारने मांस आणि लोण्याचे भाव पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवले. त्याच सुमारास तिथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात मजुरीचे दरही कापले होते. कामगार संपावर गेले. दुसऱ्या दिवशी लेनिनची चित्रं हातात घेऊन ते शहराच्या चौकात आले, तेव्हा गोळीबार झाला. २६ जण ठार झाले. नंतर सात जणांना मृत्युदंड दिला गेला. प्रेतं दूरच्या दफनभूमींत गुपचूप पुरली गेली आणि पंचवीसेक वर्षं या घटनेचं नाव निघालं नाही.

दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, महागाई आणि टंचाईने मुंबई करपत होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यातल्या अहिल्याताई तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्याच. मोर्चाची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आली, मंत्र्यांना उत्तरं द्यावी लागली. आपली व्यवस्था काही आदर्श नव्हती. पण तिला कानाशी ओरडणारं कोणीतरी होतं. कामगारांच्या राज्यात कामगाराला ते जमलं नाही.

नोव्होचेर्कास्कचा धडा सत्तेनेही घेतला, पण उलटा. मांसाचे सरकारी भाव त्यानंतर जवळपास तीन दशकं वाढवण्याचं धाडस कोणाला झालं नाही. पगार वाढत गेले, भाव गोठलेले, मधला फरक तिजोरीतून. पाव तर इतका स्वस्त की लोक तो डुकरांना घालत. वस्तू स्वस्त होती, फक्त दुकानात नव्हती.

तेलावर तगलेलं राज्य

तरीही गाडा आणखी तीस वर्षं चालला, कारण पश्चिम सायबेरियाची जमीन उदार होती. १९६५ मध्ये तिथे समोत्लोरचा अफाट तेलसाठा सापडला आणि १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले. एके काळी युरोपला गहू पुरवणारा हा देश १९६३ पासून धान्य आयात करू लागला होता. आता तेल विकून अमेरिकेचा गहू घेता येऊ लागला. शेतकऱ्यांच्या परसातले तुकडे एकूण जमिनीच्या तीनेक टक्के होते आणि शेती उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा तिथून येत होता. उत्तर परसात होतं, पण ते पाहायचं नव्हतं. १९८६ मध्ये तेलाचा भाव निम्म्याहून खाली कोसळला आणि उसनं अवसान संपलं.

शेजारच्या मित्रराष्ट्रांची कथा थोड्याफार फरकाने तीच. हंगेरीने १९६८ मध्ये बाजाराला थोडी फट ठेवली आणि तिथे ताटं बरी भरली. पूर्व जर्मनीत ट्राबांट मोटारीसाठी दहाहून अधिक वर्षं थांबावं लागे. रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने परकीय कर्ज फेडण्यासाठी जनतेला थंडीत आणि अंधारात ठेवलं. पोलंडमध्ये भाववाढ झाली की सत्ता हादरायची, हे १९७०, १९७६ आणि १९८० असं तीनदा घडलं. तिसऱ्या खेपेला ग्डान्स्कच्या गोदीत लेक वाउएन्सा यांच्या नेतृत्वाखाली ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि तिचे सभासद कोटीच्या घरात गेले. लष्करी कायद्यानेही ते तोंड पुन्हा मिटलं नाही.

कोणतं तोंड आधी?

१९८५ मध्ये गोर्बाचेव्ह सत्तेवर आले. ‘ग्लासनोस्त’ने त्यांनी माणसाला बोलू दिलं. किमतीला मात्र नाही. १९८८ पासून कारखान्यांना पगार आणि उत्पादन ठरवण्याची मोकळीक मिळाली, भाव सरकारीच राहिले. परिणाम उघड होता: हातात पैसा वाढला, फळ्या रिकाम्या झाल्या. १९८९ च्या जुलैत सायबेरियातले कोळसा कामगार संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत अंग धुवायला साबण हीदेखील होती. १९९१ च्या जानेवारीत ५० आणि १०० रुबलच्या नोटा रातोरात रद्द झाल्या, बदलून घ्यायला तीन दिवस. नोव्हेंबर २०१६ अनुभवलेल्यांना त्या रांगांचं वर्णन नको. १९९१ च्याच २५ डिसेंबरला क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला.

चीनने नेमकं उलट केलं. १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी अंगठे उठवून गुप्त करार केला: जमीन घराघरांत वाटायची, सरकारचा वाटा द्यायचा, उरेल ते ज्याचं त्याचं. तंग श्याओपिंग यांच्या राजवटीने ही पद्धत देशभर पसरू दिली. पुढे कारखान्यांनाही ठरावीक माल सरकारी भावाने आणि वरचा माल बाजारभावाने विकता येऊ लागला. व्हिएतनामने १९८६ मध्ये तोच रस्ता धरला आणि तीन वर्षांत तांदूळ आयात करणारा देश निर्यातदार झाला. किंमत बोलू लागली. माणसाचं काय?

त्याचं उत्तर ४ जून १९८९ या एकाच तारखेने दिलं. त्या दिवशी पोलंडमध्ये मतदान झालं. दोन फेऱ्या मिळून सॉलिडॅरिटीने सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या. त्याच दिवशी बीजिंगमध्ये तिएनआनमेन चौकाच्या परिसरात रणगाडे फिरत होते. पोलंडने पुढच्या जानेवारीत किमतीही मोकळ्या केल्या आणि दोन्ही तोंडं उघडली. चीनने एक उघडं ठेवून दुसरं शिवून टाकलं. तिथल्या दुकानांतली भरभराट डोळे दिपवणारी आहे, पण ४ जूनचं नाव तिथे आजही उघडपणे घेता येत नाही.

रांग वळली

२ जानेवारी १९९२ रोजी रशियाने बहुतेक किमती मोकळ्या केल्या. तीस वर्षं दाबून ठेवलेलं तोंड उघडलं ते किंचाळतच. वर्षभरात भाव सुमारे २६ पट झाले. जन्मभर साठवलेली पुंजी महिन्यांत विरघळली. सरकारी कारखाने मूठभरांच्या हाती गेले. १९९४ मध्ये रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली आलं. नियोजनाच्या अपयशाची गोष्ट सांगताना हा आकडा गाळणारा माणूसही आकडे लपवणाऱ्या त्या संचालकाचाच भाऊ.

दुकानांच्या फळ्या मात्र काही आठवड्यांत भरू लागल्या आणि दुकानांपुढच्या रांगा ओसरल्या. त्याच हिवाळ्यात सरकारने कोणालाही कुठेही विक्रीची मुभा दिली, तेव्हा मॉस्कोच्या पदपथांवर आणि मेट्रोच्या दारांशी एक वेगळी रांग उभी राहिली. ओळीने उभ्या पेन्शनर बायका, कोणाच्या हातात घरचा चहाचा सेट, कोणाच्या हातात न वापरलेले बूट, लोकरीची शाल. पूर्वी काहीतरी मिळेल म्हणून जाळीची पिशवी घेऊन निघणारी बाई आता तीच पिशवी घरातल्या वस्तूंनी भरून आणत होती. येणारा-जाणारा थांबून विचारी, ‘केवढ्याला?’ आयुष्यभर हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. काय सांगावं, हे तिला पटकन सुचत नसे.