गटाच्या वहीत आजीचे नाव

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांत दिवसाढवळ्या फिरले तर ओट्यावर बसलेली दिसतात ती बहुतेक म्हातारी माणसे. कर्ती पोरे मुंबईला, पुण्याला, नाहीतर शिरवळच्या कारखान्यांत. सुना भाताच्या खाचरात किंवा मजुरीवर. घर राखायला आजी-आजोबा. वेल्हे हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने त्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय केला. नाव बदलले, पण घाट तेच, पाऊस तोच आणि दवाखान्याची वाटही तेवढीच लांब. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा-देवघर एवढी धरणे या दोन तालुक्यांत आहेत. पाणी खाली गेले, पोरेही पोटामागे खाली गेली. म्हातारी माणसे वर राहिली.

या माणसांकडे बघायचे कोणी? मुलांनी, हे तर झालेच. सरकारनेही बघायचे, तो त्यांचा हक्कच आहे. पण मुलगा परळला आणि सरकार तहसील कचेरीत. रात्री आजोबांच्या छातीत दुखू लागले तर या दोघांपैकी कोण धावून येणार? धावून येते ती शेजारीण. आणि ही शेजारीण आज एकटी नाही, ती बचत गटाची सभासद आहे. म्हणून आम्ही हा विषय आमच्या भगिनींपुढे मांडत आहोत. गावच्या वृद्धांचा आधार गट होऊ शकतो. त्यासाठी आधी गटाच्या वहीत त्यांचे नाव यायला हवे.

ज्यांनी गट उभे केले त्या कुठे आहेत?

आपल्या बायांना भिशी नवी नव्हती. पण 1992 साली नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि भिशीला पासबुक मिळाले. पुढे 1990 च्या दशकात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने वेल्ह्याच्या खेड्यांत गटांचे काम केले. 1975 साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, होतेच. 2011 साली 'उमेद' अभियान आले, आणि आता गावोगाव गट, गटांचा ग्रामसंघ अशी साखळी झाली आहे. कोणी तांदूळ विकते, कोणी नाचणीचे पापड, कोणी मसाला कांडते, कोणी शेळ्या पाळते. नसरापूरच्या बाजारात स्वतःचा माल घेऊन बसणारी बाई आता कोणाला नवल वाटत नाही.

आता हिशेब करा. 1995 साली जी बाई पस्तिशीची होती ती आज पासष्टी ओलांडून गेली. नवऱ्याचे बोलणे खाऊन, मजुरीतले दहा-वीस रुपये वाचवून तिने हप्ता भरला. सही येत नव्हती तेव्हा अंगठा दिला. आज त्याच गटात सून अध्यक्ष आहे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण सासूचे नाव कधी कमी झाले ते कोणाच्या ध्यानातही नाही. फेडीची खात्री नाही म्हणून कर्ज नको. पंतप्रधान जीवनज्योती विमा पन्नास वर्षे वयापर्यंतच काढता येतो, म्हणून विमा नको. ऐकू येत नाही म्हणून बैठकीलाही नको. अशी ती घरी बसली. तेव्हा गटाने म्हाताऱ्यांना मदत केली तर ते दान नव्हे. ती जुन्या कर्जाची फेड आहे, आणि आपला गट फेडीच्या बाबतीत बँकेतही नाव राखून आहे.

गटाकडे काय आहे?

पहिली गोष्ट, हाताशी असलेला पैसा. 'उमेद'च्या ग्रामसंघांना जोखीम प्रवणता निधी मिळतो. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. आजारपण, उपासमार, निराधार म्हातारपण, अपंगत्व अशा अडचणीतल्या घराला तातडीने उभे करण्यासाठीच हा पैसा आहे. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव करून तो वापरायचा असतो. आपल्या ग्रामसंघात तो किती आहे आणि मागच्या वर्षी कोणाला दिला, हे प्रत्येक सभासदाने विचारलेच पाहिजे. आणि तो पुरत नसेल तर आपला वेगळा डबा करता येतो. गावात दहा गट आहेत, प्रत्येकात दहा बाया आहेत असे धरा. प्रत्येकीने महिन्याला दहा रुपये काढले तर महिन्याचे हजार, वर्षाचे बारा हजार रुपये होतात. एवढ्यात रात्रीच्या जीपचे भाडे निघते, एखाद्या आजोबांचा चष्मा होतो, एकट्या आजीच्या घरी पावसाळ्यात तांदूळ पोचतो. दहा रुपये म्हणजे एका चहाचे पैसे.

दुसरी गोष्ट, लिहिता-वाचता येणारी बाई. गटाची वही लिहिणारी बाई प्रत्येक वाडीत आहे. म्हाताऱ्या माणसाचे निम्मे दुखणे कागदाचे असते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत 65 वर्षे पूर्ण झालेल्या, वर्षाला 21,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या माणसाला दरमहा पैसे मिळतात. 2023 साली ही रक्कम 1000 वरून 1500 रुपये झाली. पण त्यासाठी वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, राज्यात 15 वर्षे राहिल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार जोडलेले बँक खाते एवढे सगळे लागते. पुन्हा दर वर्षी हयातीचा दाखला. एक कागद राहिला की पैसे थांबतात, आणि म्हातारी म्हणते, "सरकारने बंद केले." सरकारने नव्हे, कागदाने बंद केले! तो कागद पुरा करणे वही लिहिणाऱ्या बाईला एका दुपारचे काम आहे. जन्मभर दगड-माती उपसून बोटांच्या रेषा झिजल्या, म्हणून यंत्र अंगठा घेत नाही, ही तर आपल्या वस्त्यांतली नित्याची तक्रार. तिथे बँक सखीने घरी येऊन दुसऱ्या बोटाचा ठसा घेऊन पाहावा, नाहीतर गटातल्या बाईने आजीला आधार केंद्रावर नेऊन ठसे नवे करून आणावेत.

मुंबईहून गावी परतलेल्या कामगारांचेही तसेच आहे. 1982 च्या संपात गिरण्यांतली अडीच लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांतली कितीतरी गावाकडे आली ती परत गेलीच नाहीत. ज्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतून पेन्शन आहे, त्यांना 2014 पासून किमान 1000 रुपये मिळतात. त्यांनाही दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एस.टी. चे म्हणाल तर 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. हे ज्या घरी ठाऊक नाही त्या घरी सांगणे हेसुद्धा गटाचे काम.

तिसरी गोष्ट, ठरलेली बैठक. महिन्याला, कुठे आठवड्याला, दहा बाया एका जागी बसतात. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणत्या आजीने दोन दिवस दार उघडले नाही, कोणाच्या मुलाने जमिनीच्या कागदावर अंगठा घेतला, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळते. पुण्याजवळची जमीन आता सोन्याच्या भावाने जाते, म्हणून हा शेवटचा धोका मोठा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला. मुले सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, आणि महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. म्हातारे माणूस स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती अर्ज करू शकते. ती व्यक्ती गटातली का असू नये? शिवाय 14567 हा वृद्धांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

पण फुकट राबू नका

इथे आम्हाला एक इशारा द्यावासा वाटतो. वृद्धांची सेवा म्हटले की तिचा भार बाईच्याच डोक्यावर येतो. घरचा म्हातारा तिने बघायचा, शेजारचाही तिनेच बघायचा, वर मजुरी बुडवून तहसीलला हेलपाटे घालायचे, आणि गावकीने सभेत शाल द्यायची! हे बरोबर नाही. जी बाई कागद करायला जाते तिचे गाडीभाडे आणि दिवसाची मजुरी गटाच्या निधीतून दिली पाहिजे आणि तसे वहीत लिहिले पाहिजे. केरळात 1998 साली सुरू झालेल्या कुडुंबश्री या महिला चळवळीने हे ओळखले. तिथे 'हर्षम' नावाने बायांना वृद्धसेवेचे शिक्षण देतात आणि त्या रीतसर मोबदला घेऊन ही सेवा देतात. सेवा राहिली आणि व्यवसायही झाला. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांनी गावच्या आई-वडिलांच्या डब्यासाठी, औषधासाठी, दवाखान्याच्या सोबतीसाठी गटाला दरमहा पैसे पाठवावेत. फुकटच्या उपकारापेक्षा हा व्यवहार दोन्ही बाजूंना बरा.

आणि म्हाताऱ्यांना नुसते घेणारे समजू नका. भाताचे बी कोणते राखायचे, नाचणीचे पीठ किती मळायचे, मसाला किती भाजायचा, हे कोणाला विचारता? आजीलाच ना? मग पापडाच्या नफ्यात तिचा वाटा का नाही? 'उमेद'च्या नियमांत वृद्धांचा वेगळा गट पाच जणांचासुद्धा होतो, आणि त्यात पुरुषही चालतात. पाच आजी-आजोबांनी पाच कोंबड्यांवर गट सुरू केला तर हसण्यासारखे त्यात काही नाही. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला हीच मंडळी रोज जमतात. जमण्याची सवय त्यांना आहे, वही तेवढी हवी.

भगिनींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की उठू नका. वहीचे एक कोरे पान उघडा. वाडीतल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाचे नाव त्यावर लिहा. नावापुढे चार रकाने आखा: पेन्शन चालू की बंद, हयातीचा दाखला कोणत्या महिन्यात, औषध कोणते, आणि रात्री हाक मारली तर धावणारी बाई कोण. दर बैठकीला ते पान मोठ्याने वाचा. आणि ते वाचायला सुरुवात करण्याआधी, ज्या सासूचे नाव गटातून कमी केले आहे तिला बोलावून शेजारी बसवा.