इन्हिबिनचा माग

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते आणि अंडाशय, वृषण कामाला लागतात. पण ‘आता पुरे’ हा उलटा निरोप पीयूषिकेला कोण देतं? १९३२ मध्ये संशोधक मॅककुलाग यांनी त्या अज्ञात पदार्थाला ‘इन्हिबिन’ म्हटलं. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. ए. आर. शेठ यांचा गट तो मानवी वीर्यद्रवात शोधत होता. १९८४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांसह त्यांनी वीर्यद्रवातल्या, इन्हिबिन मानलेल्या ९४ अमिनो आम्लांच्या प्रथिनाची पूर्ण साखळी मांडली. पुढच्याच वर्षी अंडाशयातल्या अंडपुटकांच्या द्रवातून दोन साखळ्यांचं, बरंच मोठं प्रथिन वेगळं झालं आणि इन्हिबिन म्हणून तेच मान्य झालं. शेठ यांचं प्रथिन मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं निघालं. ते आता प्रोस्टेट कर्करोगाच्या संशोधनात अभ्यासलं जातं.